बोट लागली… पण कुठे?

भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणबोट आणि आजची चकाचक क्रूझ. समुद्र तोच, किनारा तोच. मग फरक नेमका कुठे पडला?

‘क्रूझ’ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? डेकवरचा स्विमिंग पूल, छोटीशी रंगीत छत्री खोचलेला ग्लास, रात्रीचा डीजे आणि सोमवारी सकाळी ऑफिसात फोटो दाखवताना खाल्लेला भाव. आणि ‘बोट’ म्हटलं की? हा प्रश्न गिरगाव, परळ किंवा लालबागच्या एखाद्या चाळीत विचारून पाहा. समोरचा माणूस सत्तरी ओलांडलेला असेल, तर हातातला चहाचा कप खाली ठेवूनच तो बोलायला लागेल. कारण त्याच्या लेखी बोट म्हणजे सुट्टी नव्हे. बोट म्हणजे गाव.

सध्या जगभर ‘स्मॉल शिप क्रूझिंग’ची चलती आहे. एकीकडे जहाजं फुगत चालली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’मध्ये खच्चून भरले तर साडेसात हजार प्रवासी मावतात. म्हणजे जहाज कसलं, तरंगता मॉलच! त्याला वैतागलेली मंडळी आता शे-दोनशे प्रवाशांच्या छोट्या जहाजांकडे वळली आहेत. या छोट्या जहाजांचा फंडा एकदम सिंपल. मोठ्या जहाजाला जिथे शिरता येत नाही अशा बारक्या बंदरांत शिरायचं, जिथे धक्का नसेल तिथे लहान होडीतून माणसं किनाऱ्यावर न्यायची, गावात फिरवायची, तिथलं खायला घालायचं. हे ‘हटके’ पर्यटन आहे आणि त्याला पैसेही दणदणीत मोजावे लागतात.

हे सगळं वाचताना मला एकच वाटत होतं. बॉस, हे तर आपल्याकडे होतंच! फक्त त्याला कुणी क्रूझ म्हणत नव्हतं.

दोन धक्के, दोन जगं

जुन्या मुंबईला समुद्राची दोन दारं होती. एक बॅलार्ड पिअरचं. तिथून पी अँड ओ कंपनीची मोठाली जहाजं विलायतेला सुटायची. साहेब, बॅरिस्टर व्हायला निघालेले श्रीमंतांचे चिरंजीव, हार-तुरे आणि लोखंडी ट्रंका. या प्रवाशांची सोय इतकी चोख, की आगगाडी थेट धक्क्यापर्यंत जायची.

दुसरं दार थोडं उत्तरेला, माझगावच्या बाजूला. भाऊचा धक्का! लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांनी १८४१ मध्ये बांधलेल्या धक्क्याचं हे नाव. इथून कोकणच्या आगबोटी सुटायच्या आणि त्यात असायचे गिरणगावातले चाकरमानी. एकेका गावाची मिळून एक खोली, त्यात पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसं, वर्षातून एकदा गावी जायची रजा. धोबीतलाव-गिरगावच्या बाजूला गोव्याच्या लोकांचे ‘कूड’ होते. तेही तसेच, गावागावाचे. लालबागची खोली काय आणि धोबीतलावचा कूड काय, दोन्हींतली वळकटी शेवटी एकाच बोटीच्या डेकवर पसरली जायची.

सुरुवातीला या लाइनवर शेफर्ड कंपनीचं, म्हणजे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनचं राज्य होतं. स्वदेशीच्या वाऱ्यात तिला टक्कर द्यायला सहकारी तत्त्वावरची एक देशी कंपनी उभी राहिली. लोक तिला चक्क ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे. ब्रँडिंगच्या गप्पा मारणाऱ्या आजच्या एमबीएवाल्यांनी हे नाव जरा दोनदा वाचावं. स्वातंत्र्यानंतर, गोवा मुक्त झाल्यावर मुंबई-पणजी लाइन जोरात आली. आधी चौगुल्यांची, मग मोगल लाइनची बोट. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावं आजही जुन्या मंडळींच्या तोंडी असतात. मुंबईहून सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला पोहोचायची. साधारण बावीस तास.

पडाव आला, पडाव आला

माझी आजी लालबागला राहते. गाव देवगड तालुक्यात. साठच्या दशकात लग्न होऊन मुंबईत आली ती बोटीने आणि पुढे कितीतरी मे महिने माहेरी गेली तीही बोटीनेच. तिच्याकडून आणि तिच्या चाळीतल्या आजोबा मंडळींकडून मी हा प्रवास इतक्या वेळा ऐकला आहे, की आता मीच तो केलाय की काय असं वाटतं.

पहिली लढाई जागेची. धक्क्यावर गेट उघडलं की घरातला सर्वात चपळ पोरगा वळकटी घेऊन पुढे पळायचा. डेकवर सतरंजी पसरली की ती जागा तुमची. ना सीट नंबर, ना ऑनलाइन चेक-इन. वरच्या वर्गाच्या केबिन होत्या, पण त्या बघायच्या, त्यात राहायचं नाही. मग भाकऱ्यांची गाठोडी सुटायची. कुणी भजनाला सुरुवात करायचं, कुणी पत्त्यांना. ओळख काढायची पद्धत एकच. ‘गाव कुठलं?’

बोट खोल समुद्रात गेली की निम्मा डेक आडवा. मराठीत ‘बोट लागणं’ याचे दोन अर्थ होतात ना, त्यातला पहिला इथे सुरू व्हायचा. लिंबू हुंगा, आवळासुपारी चघळा, काही उपयोग नाही. आजी म्हणते, ओकाऱ्या काढून काढून माणूस अर्धा व्हायचा.

पण दुसरा अर्थ येईपर्यंतच हा त्रास. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला… ही बंदरांची माळ चाळीतले आजोबा आजही एका दमात म्हणून दाखवतात. सगळ्या बोटी सगळीकडे थांबायच्या नाहीत, पण किनाऱ्याचं गणित या थांब्यांवरच चालायचं. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती समुद्रात उभी राहायची, भोंगा द्यायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचा. पडाव म्हणजे माणसं आणि सामान आणणारी-नेणारी मोठी होडी. शिडीवरून त्या हलत्या पडावात उतरायचं. आधी ट्रंक, मग पोरं, मग बायका. आजीच्या कडेवर माझा सहा महिन्यांचा काका होता. तिने तो वरून खाली पडावातल्या खलाशाच्या हातात दिला आणि मग स्वतः उतरली.

‘बोट लागली काय आमका घर दिसूक लागायचा,’ ती म्हणते.

आता हे सगळं आजच्या माहितीपत्रकाच्या भाषेत लिहून बघा. मोजकेच प्रवासी, रोज नवं बंदर, धक्का नसलेल्या किनाऱ्यावर छोट्या होडीतून लँडिंग, स्थानिक लोकांशी थेट संवाद. झालं की स्मॉल शिप क्रूझिंग! मोजक्या प्रवाशांचा भाग तेवढा सोडून द्या, शिमग्याच्या आणि मे महिन्याच्या बोटीत मुंगीला शिरायला जागा नसायची.

रोमँटिक-बिमँटिक काही नव्हतं

जुनं ते सोनं, अशा चालीवर हा लेख पुढे न्यायचा मोह होतो. पण तसं करणं म्हणजे त्या डेकवर रात्र काढलेल्या माणसांची थट्टाच.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला एक महिना उरलेला. दिव्यांची अवस, म्हणजे आपली गटारी. ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली. धक्क्यापासून काही मैलांवर, काश्याच्या खडकाजवळ, तुफान वारा-पावसात ती कलंडली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास गेले. रेवसच्या कोळ्यांनी मचवे घालून जे वाचवता आले ते वाचवले. त्याच्या वीस वर्षं आधी, ११ नोव्हेंबर १९२७ ला, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या.

म्हणूनच कोकणात पर्याय मिळाला तसा लोकांनी बोटीचा हात सोडला. खाड्यांवर पूल झाले, एसटी गावापर्यंत जायला लागली. लांब पल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असायच्या. एसटी हळूहळू का होईना, बारमाही झाली. १९८२ च्या संपानंतर गिरणगावच विस्कटलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पणजीची बोटही थांबली. नव्वदच्या दशकात दमानियांची कॅटामरान सात-आठ तासांत गोव्याला नेत होती, पण तीही फार टिकली नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली आणि विषयच संपला. रात्री दादरला गाडीत बसा, सकाळी कणकवली. कुणाला पडलीय ओकाऱ्या काढायची?

तेव्हा जुना प्रवास आजच्यापेक्षा चांगला होता, असं मी अजिबात म्हणत नाही. सुरक्षितता, स्वच्छता, वेळ, सगळ्यांत आज आपण पुढे आहोत. फक्त एका गोष्टीत ती गळकी, गच्च भरलेली आगबोट आजच्या जहाजांपेक्षा भारी होती. ती थांबायची.

आंग्रिया आली, आंग्रिया गेली

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा बोट परत आली, तेव्हा लालबाग-परळमध्ये जुन्या लोकांना काय आनंद झाला होता! जहाजाचं नाव ‘आंग्रिया’. दर्यासारंग कान्होजी आंग्र्यांची आठवण करून देणारं. १०४ खोल्या, साधारण चारशे प्रवासी. संध्याकाळी भाऊच्या धक्क्याच्या जवळूनच निघायचं आणि सकाळी गोव्यात. जगाच्या हिशेबाने हे अगदी ‘स्मॉल शिप’च. केबिनबरोबर डॉर्मिटरीचीही सोय होती, त्यामुळे ते केवळ श्रीमंतांचं खेळणं नव्हतं. २०२० मध्ये कोविड आला, जहाज थांबलं आणि ती लाइनही थांबली. त्याच सुमारास २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झालेलं ‘कर्णिका’ हे मोठं जहाजही अलंगला तोडायला गेलं.

मग सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ आलं. १९९० साली बांधलेलं, अकरा डेकचं, अठराशेच्या आसपास प्रवासी नेणारं. ते सुटतं बॅलार्ड पिअरच्या बाजूने, म्हणजे साहेबांच्या दारातून. सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा गोदीतल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं. दार चकाचक झालं, आणि आता त्या दारातून लालबागचा पोरगाही आयटीतल्या पगारावर आत शिरतो. ही गोष्ट छोटी नाही. आपल्या आजोबांना त्या धक्क्यावर हमाल म्हणूनच प्रवेश मिळाला असता.

गेल्या हिवाळ्यात मीही अशाच एका मोठ्या जहाजाने गोव्याला गेले. खोटं कशाला बोलू, मजा आली. जेवण झकास, शो झकास, केबिन टापटीप. पण रात्री दोनच्या पुढे झोप येईना म्हणून वरच्या डेकवर गेले. केबिनमधल्या टीव्हीवर एक नकाशा सतत चालू होता. त्यात जहाजाचा ठिपका रत्नागिरी ओलांडून खाली सरकला होता. म्हणजे डाव्या हाताला कुठेतरी विजयदुर्ग. मग देवगड. देवगडच्या किल्ल्यावर दीपगृह आहे, त्याचा झोत दिसतो का म्हणून मी कठड्याला टेकून बघत राहिले. दूर, पाण्याच्या रेषेला, दिव्यांचा एक बारीकसा पुंजका दिसला. गाव असेल, नाहीतर मच्छीमारांच्या बोटी. खात्रीने सांगता येत नव्हतं. मोबाइलला रेंज नव्हती. मागे डीजे चालू होता. आणि माझ्या आजीच्या गावावरून मी, सहा मजल्यांच्या उंचीवरून, अंधारात, निघून गेले.

परत आल्यावर आजीला फोटो दाखवले. पूल बघून ती हसली, बुफे बघून ‘इतक्या कोण खाता?’ म्हणाली. मग विचारलं, ‘खंय खंय थांबली बोट?’

म्हटलं, ‘आजी, कुठेच नाही. डायरेक्ट गोवा.’

‘मगे गाव लागलो तेव्हा उतरलंस नाय?’

तिला मी समजावलं, की तिथे एवढं मोठं जहाज थांबू शकत नाही, खोली नाही, धक्का नाही. तिने ऐकून घेतलं. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

छोटं म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे ‘छोटी क्रूझ’ म्हणजे कमी खोल्या, असा हिशेब झालाय. म्हणून ‘आंग्रिया’ छोटी आणि ‘एम्प्रेस’ मोठं. पण किनाऱ्यावरून बघणाऱ्या माणसाला दोघांत काय फरक? दोन्ही रात्री लांबून जातात. हर्णैच्या कोळणीला, मालवणच्या खानावळवाल्याला, विजयदुर्गच्या होडीवाल्याला दोन्हींतून एक रुपया मिळत नाही. जहाज छोटं की मोठं हे खोल्यांवरून नाही, ते कुठल्या बंदराला लागतं त्यावरून ठरवायला हवं.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर नॉर्वेकडे बघा. १८९३ मध्ये तिथे किनाऱ्याने टपाल, माल आणि माणसं नेणारी ‘हुर्टिग्रुटेन’ नावाची बोटसेवा सुरू झाली. अगदी आपल्या कोकणबोटीची सख्खी बहीण. तिथेही पुढे रस्ते झाले, विमानं आली. पण त्यांनी बोट बंद केली नाही. आजही बर्गन ते किर्केनेस या मार्गावर ३४ बंदरं लागतात आणि काही ठिकाणी बोट मध्यरात्री पाव तासच थांबते. स्थानिक माणूस एका बंदरात चढून पुढच्या बंदरात उतरतो, खाली माल चढतो-उतरतो आणि वरच्या केबिनमध्ये जगभरचे पर्यटक तोंडात बोट घालून हे सगळं बघत असतात. जाऊन-येऊन बारा दिवसांच्या या सफरीसाठी लोक वर्षभर पैसे साठवतात. हे पर्यटक तिथे काय बघायला जातात? एक चालती-बोलती, कामाची बोट!

आपल्याकडे ती बोट होती. आपण ती बंद केली, त्याला कारणंही होती. पण नव्याने सुरुवात करताना आपण नक्कल केली ती मायामीची, नॉर्वेची नाही. जे आपल्या रक्तात होतं ते सोडून, जे कुठल्याही समुद्रात चालेल ते उचललं.

आता खरी परीक्षा

मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. गाडीसकट बोटीत चढा, तासाभरात पलीकडे. सप्टेंबर २०२५ मध्ये याच कंपनीची ‘एम टू एम प्रिन्सेस’ ही वेगवान रो-रो चाचणीसाठी थेट विजयदुर्गला गेली. जयगड आणि विजयदुर्ग! आजोबांच्या माळेतली दोन नावं पुन्हा बोटीच्या वेळापत्रकाच्या चर्चेत आली. जाहीर झालेल्या वेळा होत्या रत्नागिरीला साधारण तीन तास आणि सिंधुदुर्गाला पाच. मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीत अडकून पडलेल्या कुणालाही विचारा, हे आकडे किती गोड वाटतात ते.

माझ्या मते आपली खरी स्मॉल शिप हीच. तिच्यात स्विमिंग पूल नसला तरी चालेल. पण तिचं तिकीट गावी निघालेल्या माणसाला परवडायला हवं, फक्त गाडीवाल्याला नाही. जेटीवरून गावात जायला एसटी उभी हवी. आणि हळूहळू माळेतली बाकीची बंदरंही जोडली जायला हवीत, नाहीतर तीही वेगाने निघून जाणारी आणखी एक बोट ठरेल.

आपल्या पिढीचं गाव आता गणपतीचे पाच दिवस आणि आंब्याची पेटी एवढंच उरलंय. परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत आपण नोकऱ्या करतो, तिथेच वीकेंडचे प्लॅन आखतो आणि त्या प्लॅनमध्ये गोवा असतं, मधला सगळा किनारा नसतो. बोट पुन्हा त्या बंदरांना लागायला लागली, तर तो किनारा निदान आपल्या नकाशावर तरी परत येईल. आजीने विचारलं होतं, उतरलंस नाय? उतरायची सोय झाली, तर बहाणा मात्र उरणार नाही.

………………

धक्क्यावर एक सकाळ

• हार्बर लाइनवरचं डॉकयार्ड रोड स्टेशन भाऊच्या धक्क्याला जवळ. दादर-परळवाल्यांनी टॅक्सी केली तरी सकाळी लवकर रस्ता मोकळा मिळतो.

• पहाटे पोहोचलात तर मासळीचा लिलाव बघायला मिळेल. चांगले बूट घालून जाऊ नका आणि मध्ये उभं राहून फोटो काढू नका. तिथे लोक कामात असतात.

• तिथूनच मोरा आणि रेवसच्या लाँच सुटतात. मांडव्याची रो-रोही इथूनच. पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं, आधी चौकशी करून निघा.

• बोट लागते? रिकाम्या पोटी चढू नका, उघड्या डेकवर बसा आणि नजर दूर क्षितिजावर ठेवा. आवळासुपारी खिशात असू द्या, आजीचं मन राखायला!

• आणि घरात कुणी बोटीने गावी गेलेलं माणूस असेल, तर त्यांना बरोबर घेऊन जा. आपण फक्त तिकीट काढायचं. गाइड तेच.